कागदाची मागची बाजू

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, गुढीपाडवा झाला त्या आठवड्यातल्या शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमारास आमच्या गावच्या पंचायतीनं एका माणसाचं तोंड बंद केलं. अन्याय त्याच्यावर झाला. वडीगोद्रीपासून तीर्थपुरीपर्यंत ज्याचा आवाज लोक पाठमोरे असतानाही ओळखायचे, त्या भोंगेवाल्या काकांवर. गुन्हा एकच. सरकारी कागद त्यांनी शेवटपर्यंत वाचला, पुढूनही आणि मागूनही.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गावाचंही नाही. गावातल्या लोकांना हे वाचून कळेल, आणि मला त्यांच्याशीच बोलायचं आहे.

आमच्याकडं गावाला काही कळवायचं असलं की पुकारा करतात. आता मोबाईल आले, ग्रुप आले, तरी म्हाताऱ्यांचे कान आणि बायकांचे कान मोबाईलवर नसतात. म्हणून पुकारा लागतो. काकांचा जुना ऑटो होता, टपावर दोन दिशांना तोंड केलेले दोन भोंगे, आत बॅटरी, मशीन, आणि हातात माईक घेऊन स्वतः काका. पोलिओचा डोस, रेशनचा तांदूळ, कालव्याला सुटणारं पाणी, कुणाची हरवलेली शेळी, कुणाच्या आजोबांचं निधन. सगळं एका आवाजात. जाड, सावकाश, तुपाचा हात लावल्यासारखा आवाज. पुकाऱ्याची सुरुवात ठरलेली, "हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडं द्या." बाकी पुकारेवाले लोकांना थांबवायचे. काका कुणाला थांबवत नव्हते. भाकरी थापणारी बाई भाकरी थापत ऐकायची.

माणूस मात्र विचित्र. आवाज हीच इस्टेट, आणि ती राखायची म्हणून, कागदाचं काम नसेल तर, माईक सोडून बोलायचे नाहीत. घरी चहा पाहिजे असेल तर भिंतीवर दोनदा टकटक. चिंच वर्ज्य, दही वर्ज्य, लोणचं वर्ज्य. लग्नाच्या पंगतीत बसले की वाढप्याचा हात धरायचे आणि फक्त भुवया उडवायचे. वाढप्याला समजायचं, "न्हाई काका, वरणात चिंच न्हाई." काकी म्हणायच्या, "मुका नवरा केला असता तर बरं झालं असतं, त्यानं हातवारे तरी केले असते." आता काका दिवसभर बोलत असतात. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी, कोंबड्यांशी, कुणी नसलं तर स्वतःशी. काकींना ते आता नको झालंय. पण त्या तसं म्हणत नाहीत. मी मागच्या खेपेला गेले तेव्हा त्या मला चुलीपाशी हळूच एवढंच म्हणाल्या, "आवाज राखायचं काही कारनच न्हाई राह्यलं ना बाई."

कागद आला की तो पूर्ण वाचायचा, हा त्यांचा धर्म. निवडणुकीच्या पत्रकाच्या तळाला बारीक अक्षरात मुद्रक-प्रकाशक लिहिलेलं असतं ना, तेही वाचायचे. "हरवलेली शेळी काळी आहे, डाव्या कानाला भोक आहे, आणून देणाऱ्यास चहा पाजण्यात येईल, कळावे, आपला नम्र." कळावे, आपला नम्र, हेसुद्धा! एका निवडणुकीत दोन्ही पॅनलची पत्रकं एकाच सकाळी, एकाच गल्लीत, एकसारख्या जिव्हाळ्यानं वाचली. "ह्यांनाच प्रचंड मतांनी विजयी करा." दहा मिनिटांनी पुन्हा, "ह्यांनाच प्रचंड मतांनी विजयी करा." पोरं काठ्या घेऊन आली. काकांनी ऑटोतूनच सांगितलं, "दोघांचा कागद आला, दोघांचा वाचला. निवडून तुमी द्याचं, म्या न्हाई."

ते असे का झाले याच्या गावात गोष्टी आहेत. एकदा त्यांनी कालव्याच्या पुकाऱ्यातली शेवटची ओळ गाळली आणि कुणाची म्हैस वाहून गेली, ही त्यातली लाडकी गोष्ट. हल्ली मी विचारलं तर भडकले. "थापा हायेत. म्हैस त्याच्याच हलगर्जीनं गेल्ती. आन ओळ गाळायला म्या कोन? लिहिनाऱ्यानं काही समजून लिहिली आसंल, आइकनारा काही समजून घेईल. मधी म्या कामून शहाना व्हायचं?"

आता हे वाचून कुणाला वाटेल, काका म्हणजे मोठे पुरोगामी. बिलकुल नाही. मी कॉलेजात असताना आमच्या गटानं पहिलं पत्रक काढलं, शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी नाही म्हणून. मीच लिहिलं होतं. काकांकडं घेऊन गेले. त्यांनी ओठ हलवत वाचलं आणि म्हणाले, "पोरी, एका वाक्यात चार शिव्या हायेत आन श्वास घ्यायला जागा एकबी न्हाई. शिव्या वाचतो. श्वास दे." मी तिथंच ऑटोच्या सीटवर बसून पूर्णविराम टाकले. आजही पत्रक लिहिते तेव्हा मोठ्यानं वाचून बघते, ती सवय त्यांची. मग मी म्हटलं, काका, हे मीच वाचते माईकवर, मुलींचा प्रश्न आहे. तर म्हणाले, "बाईचा आवाज भोंग्यात चिरकतो. माईकला हात लावू नको." भांडले. उपयोग नाही झाला. त्यांनीच वाचलं. संडासाला कडी आली नाही, हेडमास्तर मात्र आले, आमच्या घरी, बाबांना समज द्यायला.

तर असा माणूस. त्याच्याकडं दुसऱ्या लाटेत कागद येत राहिले.

त्या दिवसांत पुकाऱ्याचं काम वाढलं होतं आणि काका खंगत चालले होते. जन्मभर त्यांनी वाचलं, "अंत्यविधी अमुक वाजता आहे, सर्वांनी यावे." आता वाचायचं, "अंत्यविधीला कुणीही येऊ नये." निधनाचा पुकारा असला की ते ऑटो बंद करायचे, इंजिनाच्या आवाजात मेलेल्याचं नाव वाचायचं नाही म्हणून. त्यांचा जोडीदार, गावातला शिंपी, गेला. त्याचाही पुकारा त्यांनीच केला, "कुणीही येऊ नये" यासकट. नंतर बराच वेळ ऑटो शाळेच्या चौकात तसाच उभा होता. आम्हाला वाटलं बॅटरी उतरली.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी ग्रामसेवकानं त्यांच्या हातात एक कागद दिला. "काका, हे सगळ्या गावात फिरवा, जल्दी." एवढंच म्हणाला. कागद पाठपोट छापलेला होता. पुढच्या बाजूला नेहमीचं. मास्क, हात धुणं, ताप आल्यास काय. मागच्या बाजूला मथळा होता, पती-पत्नींसाठी सूचना. ही मागची बाजू आशाताईनं घरोघर जाऊन बायकांना खासगीत समजावून सांगायची होती, हे आम्हाला मागाहून कळलं. कागदावर तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. आणि आशाताईला घरात घेत होतं कोण? ती आली की लोक दार लावायचे. ताप मोजंल, नाव लिहून नेईल, गाडी येऊन उचलून नेईल, ही भीती. बिचारी उंबऱ्याबाहेरून ओरडायची, "सगळे बरे हायेत ना?" आतून उत्तर यायचं, "बरे हायेत, जा." उंबऱ्याबाहेरून ओरडून कुणाला सांगणार, नवऱ्यापासून लांब झोप म्हणून?

मी नळावर होते. काकांनी पुढची बाजू वाचली, कुणी लक्ष दिलं नाही, ती सगळ्यांना पाठ होती. मग कागद उलटल्याचा खरखर आवाज भोंग्यातून आला. आणि त्याच जाड, सावकाश आवाजात, शेळी हरवल्याच्या चालीवर, सुरू झालं.

"पती-पत्नींसाठी सूचना. घरात कुणाला ताप, खोकला असल्यास, किंवा कुणी बाहेरगावाहून आले असल्यास, पती-पत्नींनी निदान दोन आठवडे वेगळे झोपावे. या काळात शरीरसंबंध टाळावेत. चुंबन घेऊ नये."

नळावरच्या बायकांचे हंडे भरून वाहायला लागले. कुणी उचलेना.

"दवाखान्यांवर ताण असल्याने नको असलेली गर्भधारणा टाळावी. निरोध उपकेंद्रात मोफत मिळतील. पत्नीची इच्छा नसल्यास पतीने जबरदस्ती करू नये."

खिडक्या धाडधाड बंद झाल्या. थोड्या वेळानं एकेकीला फट पडली. पारावर दातण करत बसलेला एक जण उठून ओरडला, "ओ काका, कागद बदलला वाटतं तुमचा!" पोरांनी शिट्ट्या मारल्या, "वन्स मोअर!" एका बापानं पोरीचे कान झाकले, आणि स्वतः मान तिरकी करून ऐकत राहिला. नळावरची एक म्हातारी मावशी, कमरेत वाकलेली, हंडा खाली ठेवून म्हणाली, "हे मह्या टायमाला पुकारलं आसतं तर मही निम्मी बाळंतपनं वाचली आसती गं." बायका पदरात तोंड घालून हसल्या. एक जण म्हणाली, "मावशी, आता इच्छा विचारा म्हनावं म्हाताऱ्याला." "तो कशाचा इचारतो, त्याला ऐकायला येत न्हाई." ऑटो स्वतःच्याच घरासमोरून चालला तेव्हा काकी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. "वाचता तेवढं, पाळलं का कधी?" हे भोंग्यापेक्षा मोठ्या आवाजात. माईक चालू होता, त्यामुळं तेही गावभर गेलं. काकांनी पुढची ओळ वाचली.

शेवटी मुद्रकही वाचला. हसू नका. एकही ओळ गाळली नाही.

आता जे सांगते त्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. आमच्या शेजारी एक वहिनी आहे. तेव्हा तिचं पोर अंगावरचं होतं, सिझर झालेलं, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की दोन वर्षं दिवस राहता कामा नयेत. नवरा पुण्याहून काम सुटल्यामुळं पुकाऱ्याच्या आदल्याच दिवशी आला होता, अंगात कणकण घेऊन. तपासणी करायला तयार नाही. "थकवा हाय." घर दोन खोल्यांचं, एकीत सासू-सासरे. वहिनी त्याच सांजच्याला नळावर मला म्हणाली होती, "काय सांगू त्याला? नको म्हनलं की म्हनतो, म्या पुण्यात कोनी ठेवलीय वाटतं का तुला, का तूच गावात कोनी ठेवलाय?" मी तावातावानं तिला हक्क समजावून सांगितले. तिनं ऐकून घेतलं आणि हंडा उचलला. हक्क घेऊन ती त्या खोलीत जाणार होती आणि मी माझ्या घरी.

पुकारा झाला त्या दुपारी तिनं बाज ओढत नेली आणि ओसरीवर टाकली. एकटीनं. सासू धावली. "हे काय करून राह्यली?"

"भोंग्यावर सांगितलं ते करून राह्यले."

"भोंगा काय तुहा बाप हाय का?"

"भोंगा सरकारचा हाय. ऐकलं न्हाई तर गाडी येईल म्हन्तेत, उचलून नेईल."

गाडीचं कागदात काहीच नव्हतं. तिनं तिच्या पदरचं घातलं. पण ते चाललं. गावानं ऐकलेलं, पारावर बसलेल्या त्याच्या मित्रांनी ऐकलेलं, त्याच्या बापानं ऐकलेलं. आता नको म्हणणारी ती नव्हती, सरकार होतं. नवऱ्यानं तिरीमिरीत अंथरूण घेतलं आणि ओसरीवर झोपला. पुढं त्याला जालन्याला न्यावं लागलं, ऑक्सिजन लागला, वाचला. तिला आणि पोराला काही झालं नाही. ते बाजेमुळं की नशिबानं, मला माहीत नाही, मी डॉक्टर नाही. त्या दिवशी ती बाज तिनं ओढत नेली, एवढं मी डोळ्यांनी बघितलं. आणि त्या आठवड्यात गल्लीत ती एकटीच बाज बाहेर आली नव्हती, हेही बघितलं. बऱ्याच जणांनी उकाड्याचं कारण सांगितलं. चैत्राचा उकाडा, सोयीचा होता.

पुकारा गुरुवारी. शुक्रवारी सकाळी पंचायतीच्या अंगणात काकांना बोलावलं. सरपंच बाई आहेत आमच्या, राखीव जागेवर. त्या घरी होत्या. त्यांच्या वतीनं त्यांचे पती बोलले, नेहमी तेच बोलतात. पोलीसपाटील, ग्रामसेवक, आणि मास्क हनुवटीला लावलेले वीस-पंचवीस पुरुष. मी बोलावल्याशिवाय गेले.

सरपंचपती म्हणाले, "काका, गावात आया-बहिनी राहतात. काही लाज?"

मी म्हटलं, "त्यांच्यासाठीच तर लिहिलंय ते."

"तू पोरगी हायेस. तुझं लगीन व्हायचंय. तू बोलू नको."

बोललेच मी. म्हटलं, उपकेंद्रात भिंतीवर निरोधचा डबा लटकलाय, तो घाण नाही? पोरीला तिच्या मर्जीविरुद्ध हात लावला तर घाण नाही? ते वाचून दाखवलं की घाण? कुणीतरी बाबांना बोलवायला निघालं. सरपंचपतींनी कागद जिथून आला तिथं फोन लावला, स्पीकरवर. तिकडचे साहेब तिथल्या तिथं मोकळे झाले. "मागची बाजू पुकाऱ्यासाठी नव्हती. त्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर वाचलं." कुठं लिहिलंय तसं, असं मी ओरडले तोवर फोन कट.

"झालं," सरपंचपती म्हणाले. "काका, आत्ता ऑटो काढा. गावात फिरून सांगा, काल वाचलं ते चूक होतं, माफी असावी. विषय संपला."

काकांनी हात पुढं केला. "कागद द्या."

"कागद कशाला? तोंडानं सांगा."

"तोंडानं म्या काही सांगत न्हाई. उभ्या जन्मात न्हाई सांगितलं." इतकं लांब बोललेले काका मी माईकशिवाय कधी ऐकले नव्हते. "लिहून द्या. सही करा, शिक्का मारा. लिहा, कालचं चूक हाय. ताप आसला तरी नवरा-बायकोनं सोबत झोपावं. बायको नको म्हनली तरी सोडू नये. लिहा, म्या ह्या मिनटाला वाचतो. बराबर वाचतो, दोन्ही बाजूंनी."

ग्रामसेवकाच्या खिशाला पेन होतं. त्यानं ते काढलं आणि सरपंचपतींपुढं धरलं. सरपंचपती म्हणाले, "माझी सही चालत न्हाई, बाईची लागते." पोलीसपाटलांनी आभाळाकडं बघितलं. ते वाक्य लिहायला तिथं एकही मर्द तयार नव्हता. मनात सगळ्यांच्या होतं. कागदावर उतरवायला कुणी तयार नव्हतं.

मग दुसराच कागद झाला. गावाचा कुठलाही पुकारा ह्यांना द्यायचा नाही, असा ठराव. त्याला पेन सापडलं. सरपंचबाईंची सही घरी जाऊन घेतली, चुलीपुढं. त्यांनी वाचला का, मला माहीत नाही. दुपारी दोन पोरांनी ऑटोच्या टपावरून भोंगे उतरवले. काकांनीच त्यांना पाना काढून दिला.

मी त्यांच्यामागं घरी गेले. चिडले होते मी, ते नाही. मी विचारलं, "काका, ते मागच्या बाजूचं, तुम्हाला पटलं होतं का?"

"मला काय पटायचं? निम्म्याचा अर्थ लागला न्हाई." मग पाना पुसत म्हणाले, "ते शेवटचं, जबरदस्तीचं, ते वाचताना म्हनलं, हे आपल्याला आजवर कोनी लिहूनच दिलं न्हाई."

साथ गेली. शेजारच्या गावांनीही काकांना बोलवणं सोडलं, घाण बोलतो म्हणून. पोरं मागून ओरडायची, निरोधवाला. आता आमच्या गावात घंटागाडीवर पेन ड्राईव्ह लावतात. त्यात बाईचा आवाज आहे, गोड, पुस्तकी. तिला शेळी हरवल्याचं सांगता येत नाही. ऑटो अंगणात उभा आहे, सीटवर कोंबड्या अंडी घालतात. काकांनी तक्रार कुठं केली नाही, मला करू दिली नाही. एकदाच म्हणाले, "गावानं बंद केलं, गावानंच उघडावं. वरून कागद आनून उघडलं तर तो काय पुकारा झाला का?"

मी वहिनीला विचारलं, ग्रामसभेत उभी राहशील का, बाजेची गोष्ट सांगशील का. तिनं माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मला ह्याच घरात नांदायचंय, बाई." मी तिला पुन्हा विचारणार नाही. गावातल्या कुठल्याच बाईला विचारणार नाही. तिनं बाज ओढली, तिच्या वाट्याचं तिनं केलं.

हे छापून येतंय तो अंक आपल्या वाचनालयात येतो आणि पारावर वाचला जातो, म्हणून आता पुरुषांशी बोलते. त्या चैत्रात तुम्ही ओसरीवर झोपलात. उकाडा नव्हता ते, तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या कुणाचा ताप घरात कुणाला लागला नाही, कुणाला नको असलेलं पोर झालं नाही, कुणी बायकोचं "नको" आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्याबद्दल एका म्हाताऱ्याची रोजी आणि इज्जत गेली, आणि तुम्ही गप्प बसलात. तुम्हाला कुणी घरातून काढणार नाही, माहेरी धाडणार नाही. तेव्हा हे काम तुमचं. येत्या ग्रामसभेत उभे राहा, नाव सांगा, आणि तो ठराव रद्द करा म्हणा. कुणी विचारलं, "का?", तर खरं कारण सांगा. मोठ्यानं.